खुडूक कोंबडी आणि गोठलेलं पाणी

फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत अशी कडाक्याची थंडी पडली, की खुराड्यातलं पाणीसुद्धा गोठलं. सकाळी कोंबड्यांनी पाण्याच्या पसरट मातीच्या परळात चोच मारली, तर नुसतं टक् वाजलं.

"घाबरू नका," कोंबडा तुरा ताठ करून म्हणाला. "माझ्या आरवण्याने सूर्य उगवतो, तिथे बर्फाचं काय!" तो घसा कोरडा पडेपर्यंत आरवला. बर्फ वितळला नाही, आणि घसा ओला करायला पाणीही नव्हतं.

खुराड्यात करडी नावाची कोंबडी खुडूक बसली होती. तिची अंडी घरधनिणीने केव्हाच उचलली होती, तरी ती रिकाम्या गवताला ऊब देत बसे. सगळ्या तिला हसत. पण तहानेने पिल्लं केविलवाणी ओरडू लागली, तेव्हा तिला वाटलं, बसायचंच आहे तर उपयोगाच्या जागी बसावं. संध्याकाळी घरधनिणीने ताजं पाणी ओतताच ती परळावर पिसं पसरून बसली.

"काय उबवतेस गं?" कोंबड्याने खवचटपणे विचारलं.

"पाणी," करडी म्हणाली.

सकाळी ती उठली, तर परळात पाणी हिंदकळत होतं. पिल्लांच्या आधी कोंबडाच पोटभर प्यायला. "बघितलंत? माझ्या कालच्या आरवण्याचा गुण!"

"बरं झालं," करडी म्हणाली. "माझं अंग आखडलंय. आज मी गवतात झोपते, पाण्याचं तुम्ही बघा."

संध्याकाळी कोंबडा इकडेतिकडे बघत गुपचूप परळावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बसल्याबसल्याच आरवला. उठलं तर पाणी गोठेल, ही धास्ती मात्र त्याने कुणाला सांगितली नाही.