झाकण उघडलं तरी

"मग उठत नाही म्हणजे नेमकं काय करतो हा?" बाईंनी विचारलं.

बाई म्हणजे महानुभाव आश्रमातल्या जुन्या तपस्विनी. ऐंशी पार केलेल्या, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. समोर पुरुषोत्तम वैराळे मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. भर दुपार होती आणि आश्रमात चिटपाखरू नव्हतं.

"झाकण लावलं की झोपतो, बाई. उघडलं की उठायला हवा. उठत नाही. पडदा काळाच."

"मेला असेल."

"नाही. हा दिवा बघा."

कडेचा पांढरा दिवा मंद होत होता, उजळत होता... पुन्हा मंद होत होता.

"श्वास चालू आहे की! आणि तू तर मोठा कारागीर ना? तुझी आई सांगते, मेलेली यंत्रं उठवतोस म्हणून."

एरवी या वाक्याने पुरुषोत्तमची छाती फुगली असती. वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. पण या एका यंत्रापुढे सतरा उपाय करून त्याने हात टेकले होते, आणि आईने रेटलं म्हणून इथे आला होता.

"एकच उपाय उरलाय. बटण दाबून धरायचं. बंद होऊन नव्याने सुरू होईल. पण झाकण लावताना जे लिहिलेलं होतं ते पुसलं जाईल. ते सेव्ह केलेलं नाही."

"कोणी लिहिलेलं?"

"प्रणितानं. माझ्या बायकोनं."

...

त्या रात्री दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यानंतर ती कितीतरी वेळ काही लिहीत बसली. सकाळी झाकण लावून शाळेत शिकवायला निघाली आणि चौकात ट्रकखाली गेली. त्याला आज चौदा दिवस झाले. ती आपल्याला सोडून निघाली होती की काय, एवढंच पुरुषोत्तमला कळायला हवं होतं. त्यावाचून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"निघताना काय म्हणाली?"

"काय म्हणणार? येते म्हणाली. सगळेच म्हणतात. जाते म्हणायची रीत नाही आपल्यात."

"आणि घरात बसलेल्याची रीत?"



"ये म्हणायची," तो पुटपुटला.

"म्हणालास?"

"रागात होतो, बाई. मान वर केली नाही."

बाईंनी हात लांब करून लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं.

"आता म्हण."

त्याला आधी हसू आलं, मग रडू आलं. शिकल्यासवरल्या माणसाने यंत्राला काय म्हणायचं? पण बाईंपुढे नाही म्हणवेना.

"ये," तो म्हणाला. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाला, "ये गं."

दिवा मंद झाला... उजळला... आणि उजळून तसाच राहिला. झाकण लावलेलंच होतं, तरी आत पंखा घरघरला. फटीतून उजेड आला.

त्याने घाईघाईने झाकण वर केलं. अक्षरं होती, ओळीखाली ओळ, तिचीच. तो वाचायला वाकला तोच बाईंनी पडद्यासमोर तळहात आडवा धरला. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्याच्या खांद्यामागे बघत होत्या.

"वाचशील सावकाश. आधी जरा सरकून बस... ती कधीची उभी आहे."