मागे सरकणारा घास

एकदा एका इमारतीच्या जिन्यात अर्धंच वाक्य ऐकू आलं : "ते गाण्याचे गुरुजी म्हणे मुक्या जिवाला उपाशी..." तेवढ्यात लिफ्टचं दार लागलं, आणि उरलेलं वाक्य ज्याने त्याने आपल्या मनाने पूर्ण केलं.

मुका जीव म्हणजे अ‍ॅक्सोलॉटल. पाण्यात राहणारा, चार पायांचा, मानेभोवती पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. नाव पेढा. गुरुजींच्या एका शिष्येने त्याला हौसेने पाळलं होतं.

पेढा गोठवलेल्या लाल अळ्यांखेरीज कशाला तोंड लावत नसे, आणि अळ्या आणणारं गावातलं एकमेव दुकान बंद होणार होतं. शिष्या चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून त्याच्या नाकाशी नेई. "एवढा एकच, माझ्यासाठी." पंगतीत जावयाला जिलबी वाढावी तसा तिचा आग्रह चाले. पेढा मान फिरवी, तिचा जीव कळवळे आणि टाकीत पुन्हा लाल अळ्या पडत.

शेवटी तिने गुरुजींना गाठलं. त्यांनी आयुष्यभर मासे पाळले होते. टाकीपाशी बसून ते म्हणाले, "धडधाकट आहे. आज काही देऊ नकोस. उद्याही नको."

"गुरुजी, त्याला बोलता येत नाही हो."

"म्हणून तर तू एकटीच बोलतेस. त्याला भूक लागायला सवड कुठे आहे?"

तिसऱ्या दिवशी गुरुजी पुन्हा आले. त्यांनी तुकडा चिमट्यात धरला, पेढ्यासमोर किंचित हलवला, आणि त्याने मान उचलताच हळूच मागे ओढला.

"अहो, तोंडाशी आलेला घास काढून काय घेताय?" शिष्या अगदी रडवेली झाली.

गुरुजींनी घास आणखी मागे नेला. पेढ्याने एक पाय टाकला, मग दुसरा. घास थबकला. पेढ्याने तोंड उघडलं आणि तुकडा आत गेला.

तेव्हा गुरुजी बोलले. "मुली, आग्रह पाहुण्याला करावा. हा शिकारी आहे. याचं भक्ष्य कधी याच्या तोंडाकडे धावत येतं का? ते दूर जातं, तेव्हा याला ते आपलं वाटतं. शिवाय नाही म्हटलं की अळ्या मिळतात, हे तूच त्याला शिकवलंस. इतके दिवस तू त्याला नव्हे, तो तुला वळण लावत होता."

शिष्या हसली, आणि हसता हसता तिला आपलं गाणं आठवलं. वर्षभर ती भूप रागाशिवाय काही गायला तयार नव्हती, आणि गुरुजींनीही कधी आग्रह केला नव्हता. मागच्या आठवड्यात गुरुजींनी मारव्याची अर्धीच ओळ गुणगुणली होती आणि चहा टाकायला उठले होते. पुढची ओळ तिनेच त्यांच्यामागे स्वयंपाकघरात जाऊन मागितली होती.

दुकान बंद झालं तोवर पेढा कोळंबीचा तुकडाही खाऊ लागला होता. जिन्यात शेजारच्या काकूंनी तिला अडवलं. "काय गं, गुरुजींनी त्याला उपाशी ठेवलं होतं, हे खरं का?"

"दोन दिवस, काकू," ती म्हणाली. "आणि मला वर्षभर. पण त्याने गांडूळ खाल्लं, त्या संध्याकाळी मीच अख्खा मारवा मागून घेतला."