उजव्या पायाचं माप

खूप जुनी गोष्ट. त्या काळी घड्याळं नव्हती, सुया मात्र होत्या. एका नगरीत शिंप्याचं एक घर होतं, आणि त्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून होती. ती माजघरात कापडाच्या घड्या घालत असताना ओसरीवरचं बोलणं तिच्या कानावर पडलं. ते तिच्यासाठी नव्हतं.

"थोरल्याच्या हातात कात्री टिकेलसं वाटत नाही," सासरे म्हणत होते. "हे राजवाड्याचं काम बिघडलं, तर कात्री धाकट्याकडे. थोरल्याने मग जन्मभर नाड्या ओवाव्यात. सुनेला मात्र एवढ्यात काही सांगू नकोस."

"सांगितलं तरी ती थोडीच काही म्हणणार आहे?" सासू म्हणाली. "येऊन दोन सण झाले, मी अजून तिला मीठ मागताना ऐकलं नाही. अळणी जेवते, पण मागत नाही."

मीठ कमी पडतं हे यांना ठाऊक आहे तर, सून मनाशी म्हणाली, आणि घड्या घालत राहिली. पण एकच घडी तिने दोनदा घातली. थोरला म्हणजे तिचा नवरा.

काम होतं युवराजाचं. सोयरीक ठरवायला तो दूरच्या राज्यात निघणार होता. त्याच्यासाठी तीन अंगरखे, तीन विजारी आणि दोन शेले शिवायचे होते, तेही असे, की कोणताही अंगरखा कोणत्याही विजारीवर खुलून दिसावा. अंगरखे झाले आणि सुरेख झाले. अडलं ते विजारींपाशी. त्या हव्या होत्या तंग पायांच्या, मांडीपासून घोट्यापर्यंत पायाला धरून बसणाऱ्या. अशा विजारीत शिंप्याला लपायला जागा नसते.

त्या घराची एक रीत होती. माप घ्यायचं ते उजव्याच पायाचं, कारण डावं पाऊल पुढे करणं अशुभ. मग कापड दुहेरी घालायचं आणि दोन्ही पाय एकदम कापायचे. पणजोबांपासून असंच चालत आलं होतं. युवराजानेही पडद्याआडून उजवाच पाय पुढे केला होता, आणि सगळ्यांना बरंच वाटलं होतं.

पहिली विजार वाड्यावर गेली आणि परत आली. ढगळ होते, असा निरोप होता. थोरल्याने दोन्ही पाय आत घेतले. विजार पुन्हा आली. आता ती तंग होत होती. त्याने दोन्ही पाय सैल केले. पुन्हा ढगळ.

"दादा, युवराजांच्या पायांना भरती-ओहोटी आहे का रे?" धाकटा म्हणाला. "आपण समुद्रकाठी बेतायला बसू या."

थोरला हसला नाही. त्याने दोन्ही पाय केसभर आत घेऊन विजार इस्त्रीला ठेवली. त्या दिवशी त्याने भात नुसता चिवडला.

दुपारी घर आडवं झालं की सून इस्त्रीला बसायची. तिने ती विजार पसरली आणि नुसती बघत राहिली. उजव्या गुडघ्यावर कापड ताणून चकाकलं होतं, शिवणीतले टाके दिसू लागले होते. डाव्या पायाच्या चुण्या मात्र घसरून घोट्याशी गोळा झाल्या होत्या. तिला कळलं. युवराजाचा डावा पाय उजव्याहून बारीक होता. लहानपणी कधी पडला असेल, आजारी असेल. आणि त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

पण बोलायचं कसं? बोलायचं म्हणजे सासऱ्यांची रीत चुकली म्हणायचं. तिला येऊन किती दिवस झाले होते? घरचं कुत्रंसुद्धा अजून तिच्यावर भुंकत होतं.

तिने सुई उचलली. चुण्या चिमटीत धरून अंदाज घेतला, डावा पाय तेवढा उसवला, आत घेतला, इस्त्री फिरवली आणि घडी होती तिथे ठेवून दिली.

या वेळी वाड्यावरून पेढे आले. विजारही आली, पण नमुना म्हणून. उरलेल्या दोन हुबेहूब अशाच करा, असा निरोप होता.

"रीत सोडली नाहीस, म्हणून जमलं," सासरे थोरल्याला म्हणाले. थोरला लाजला. सुनेने पेढा खाल्ला आणि तिला वाटलं, न बोलताही निभावलं की.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली होती. थोरल्याने मोठ्या उमेदीने मोरपंखी आणि दुधी कापड दुहेरी घातलं, वर नमुन्याची विजार ठेवली आणि पायाच्या कडेने कात्री चालवली. वर आला होता तो डावा पाय.

दोन्ही नव्या विजारी परत आल्या. उजवा पाय पोटरीपुढे जातच नव्हता. शिवणीत सैल करायला काही उरलं नव्हतं, आणि युवराजाचं निघणं उद्यावर आलं होतं.

सासरे रागावले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला. "दे कात्री."

थोरल्याने कात्री उचलली.

"मामंजी, थांबा."

हे कोण बोललं, म्हणून सगळ्यांनी मागे पाहिलं. सून ओसरीवर आली होती. तिने नमुन्याची विजार पसरली आणि विजारीचा डावा पाय उजव्यावर घडी घालून ठेवला. उजवा खालून बोटभर बाहेर डोकावत होता.

"हे मी केलं," ती म्हणाली. "युवराजांचा डावा पाय बारीक आहे. मी गुपचूप शिवलं आणि यांना सांगितलं नाही. यांची कात्री सरळच चालली. चुकीच्या पायावरून चालली, एवढंच."

सासरे बराच वेळ त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. मग मापाची दोरी घेऊन उठले.

"चल," ते थोरल्याला म्हणाले. "कात्री तूच घे."

वाड्यात ते पडद्यापाशी जमिनीवर बसले. "युवराज, आम्ही एकाच पायाचं माप घेतलं. चूक आमची. डावा पाय पुढे करता का?"

पडद्याआडून आवाज आला, "मला वाटत होतं, विजार बसत नाही ती माझ्या पायामुळे."

"पाय कसा चुकेल? मापच चुकलं होतं."

डावा पाय हळूच पुढे आला. म्हाताऱ्याने स्वतः त्याचं माप घेतलं.

कापलेले डावे पाय तर बरोबरच होते. दोन नवे उजवे पाय शेल्यांसाठी राखलेल्या त्याच रंगांच्या कापडातून काढले. शेले जरा आखूड झाले, पण परमुलखात लोकांना ती नवी तऱ्हाच वाटली. कात्री थोरल्याकडेच राहिली, आणि त्या दिवसापासून त्या घरात दोन्ही पायांचं माप घेऊ लागले.

संध्याकाळी सगळे ओसरीवर बसले असताना सासूने विचारलं, "तुला कधीचं कळलं होतं, तर मग बोलली का नाहीस गं?"

"भीती वाटली, सासूबाई," सून म्हणाली. मग तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पण आता पुरतं कळलंय. आपल्या माणसाची चूक गुपचूप निस्तरली, तर ती पुन्हा होते. वेळेवर बोलून दाखवली, तरच सुधारते."