काहिलीखालचा माणूस

एका गावात एक गुऱ्हाळ होतं आणि सर्जेराव त्या गुऱ्हाळाचा मालक होता. वडिलांच्या मागे गुऱ्हाळ त्याच्याकडे आलं, आणि आपण मालक आहोत हे त्याला दिवसातून दहा वेळा आठवायचं.

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळतो. काहिलीखाली खोल खड्ड्यात चुलवाण असतं. तिथे बसून धुळाप्पा तीस वर्षं जाळ घालत होता. वरच्याला जाळ दिसत नाही आणि खालच्याला रस दिसत नाही, म्हणून दोघांनी एकमेकांना हाका द्यायच्या, अशी जुनी रीत. सर्जेरावाचे वडील दर खेपेला वाकून विचारायचे, "धुळाप्पा, कसं हाय खाली?"

सर्जेरावाला यात कमीपणा वाटला. त्याने नवा नियम काढला. काहिलीच्या काठावर काठीचा एक ठोका म्हणजे जाळ वाढव, दोन ठोके म्हणजे कमी कर. बोलायची गरजच नको! एके दिवशी धुळाप्पाने खालून काही सांगायला तोंड उघडलं, तर हा सगळ्यांदेखत गरजला, "ए धुळ्या, ठोका ऐकायचा आन् जाळ घालायचा! खालनं हाक मारायची न्हाई!" म्हातारा पुन्हा चुलवाणात उसाची वाळलेली चिपाडं सारू लागला.

हंगाम ऐन भरात होता. तोडलेल्या उसाच्या बारा गाड्या दारात उभ्या होत्या. तोडलेला ऊस फार दिवस थांबत नाही. तो वाळला की शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट वाळतात. अशात, धुळाप्पाला गप्प केल्याच्या तिसऱ्याच दिवशी, काहिलीच्या तळाचा सांधा सुटला आणि सगळा रस जाळात गेला.

सर्जेराव तणतणत खड्ड्यात उतरला. त्या धगीत त्याला धड उभंही राहवेना.

"डोळं फुटलं हुतं का तुझं? गळती दिसली न्हाई?"

"परवाच थेंब पडाय लागला हुता, मालक," धुळाप्पा म्हणाला. "त्येच सांगत हुतो. तुमी हाक मारू नगं म्हणालासा."

सर्जेराव वर आला, तर गाडीवाले शेजारच्या गावच्या गुऱ्हाळाकडे बैल वळवत होते. त्या गाड्या गेल्या असत्या तर हंगाम तिथेच बुडाला असता. तो त्यांच्यासमोर उभा राहिला. शरमेने त्याचे कान लाल झाले होते.

"चूक माझी हाय. धुळाप्पाकाका सांगत हुतं, मी ऐकलं न्हाई." मग तो सगळ्यांदेखत खड्ड्याशी वाकला. "काका, आता कसं करायचं?"

"लोहाराला बलवा. उद्या दुपारपतोर सांधा बसंल," खालून आवाज आला. "तवर उसाव ओला पाला टाका. वाळायचा न्हाई."

सर्वांत पुढच्या म्हाताऱ्या गाडीवानाने जुवाचे बैल सोडले. "मालकाचा भरवसा नव्हता," तो बाकीच्यांना म्हणाला. "धुळाप्पा सांगतोय म्हंजी काहील उद्या चढणार."

एकामागून एक बाराही गाड्यांचे बैल सुटले आणि गाड्या तिथेच राहिल्या. सर्जेराव बघत राहिला. त्याच्या हुकमाने त्यातली एकही गाडी थांबली नव्हती.

तात्पर्य: हुकमाने माणसं कामाला लागतात, पण मान दिला तरच ती मोकळेपणाने बोलतात आणि वेळेला पाठीशी उभी राहतात.