रेणाईचा तिसरा शेला

एका राज्यात पाखरू कधी एकटे विणत नसत. शेल्याच्या काठावर मोर असो की मैना, समोर त्याची जोडी हवीच. एकटे पाखरू म्हणजे अपशकुन.

तिथल्या राजाला, चंद्रध्वजाला, काळजंघ मांत्रिकाने पोपट करून दरबारातल्या पिंजऱ्यात कोंडले आणि त्याचेच रूप घेऊन तो सिंहासनावर बसला. हे पाहिले महालात पडदे लावायला आलेल्या दोघांनीच, विणकर सोमाजी आणि त्याची बायको रेणाई यांनी. सोमाजी ओरडला, "हा राजा नव्हे!" आणि पायरीवरच दगड झाला.

पोपट हळूच म्हणाला, "बाई, बोललीस किंवा लिहिलेस तर तुझीही तीच गत. राणीने मला आपणहून ओळखले तर शाप तुटेल, दगडाचा माणूस होईल. तुझे तीन शेले विणून होईपर्यंतच अवधी आहे. पुढे मी निव्वळ पोपट."

"लिहिणं मला येतंय कुठं, महाराज? मी विणते."

पहिल्या शेल्यावर तिने मुकुट घातलेला पोपट विणला. पण हाताचे वळण ते! समोर दुसरा मुकुटवाला कधी उमटला, तिला कळलेच नाही. राणी खूश. "राजा-राणीची जोडी! सुरेख."

दुसऱ्यावर पोपटाभोवती पिंजरा विणला. झाले दोन पिंजरे. राणी हसली, "आता मैनाही पाळू म्हणतेस?" जित्याची खोड, दुसरे काय!

रेणाईने सोमाजीच्या पायाशी माग मांडला. त्याच्या थंड हातावर गाल टेकवून पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "जोडी सुटत नाही ना? मग खरी जोडीच विणते."

दरबारात तिसरा शेला उलगडला. एका काठावर सिंहासनावरचा राजा, त्याच्यासमोर कोरी जागा. दुसऱ्या काठावर राणी, आणि तिच्यासमोर पोपट.

"अपशकुन!" काळजंघ गरजला. "हिचे हात तोडा!"

"थांबा," राणी म्हणाली. तिने काठावरून बोट फिरवले. "सिंहासनावरच्याला जोडीच नाही. आणि माझी जोडी..." ती उठली, पिंजऱ्यापाशी गेली. "महाराज, बाहेर या."

सळ्या गळून पडल्या. चंद्रध्वज उभा राहिला. काळजंघाचे उसने रूप उतरले, उरले एक घुबड. ते खिडकीतून गेले ते गेलेच.

राजा सिंहासनावर बसला आणि म्हणाला, "बाई, हवे ते माग." पण रेणाई तिथे होती कुठे? ती कधीच पायऱ्यांकडे धावली होती.

सोमाजी आखडलेले गुडघे चोळत बसला होता. "किती दिवस झाले गं?"

"तीन शेले," ती म्हणाली, आणि त्याचा उबदार हात तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला.