शेंदराखालची यक्षी

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्या वाचकांनी पोटात घालाव्यात. शाळा लवकर सुटल्यामुळे माझे शब्दही साधेच आहेत. कथा मात्र मनापासून सांगतो.

पूर्वी अश्मक देशात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारी न्यायाधीश होता. नगराबाहेर नदीकाठी बुरुडांची वस्ती होती. तिथे एका चौथऱ्यावर यक्षीची मूर्ती होती. मूल जन्मले की त्याचे बोट तेलात कालवलेल्या शेंदरात बुडवून यक्षीला टेकवायचे, अशी त्या लोकांची रीत. पिढ्यान्‌पिढ्या बोटे टेकत गेली. थर इतका जाड झाला की मूर्तीला नाक-तोंडच उरले नाही. वस्ती तिला आई म्हणे.

एका सकाळी चौथरा रिकामा दिसला. पूर्णक नावाच्या व्यापाऱ्याच्या गाडीत लाल दगड पाहिल्याचे एका गुराख्याने सांगितले, म्हणून वस्तीने राजाकडे दाद मागितली.

गाडीत होती ती हीच आणि ती माझीच, असे सांगत पूर्णकाने न्यायसभेत एक सुंदर पाषाणाची यक्षी आणून ठेवली. राजाला ती महालात हवी होती. निकाल पूर्णकाच्या बाजूने लागला तर प्रधानपद मिळेल, असा राजाचा निरोपही बोधिसत्त्वाला आला होता.

वस्तीतर्फे सोणा नावाची म्हातारी उभी राहिली. यक्षीची पूजा तिच्याकडे होती.

बोधिसत्त्वाने विचारले, “आजी, ही तुमची का?”

सोणाने मूर्तीच्या गालांवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, “नाही.”

सभा हसली. पूर्णक म्हणाला, “बघा, म्हातारी शहाणी आहे!”

“आमची आई लाल आहे, शेटजी. तिला नाक नाही, ओठ नाहीत. ही कुणा राणीची बाहुली दिसते, ती तुमची तुम्हांला लखलाभ. आमची कुठे ठेवलीत तेवढं सांगा.”

खटला तिथेच संपत होता. बोधिसत्त्व गप्प राहिला असता तर प्रधान झाला असता. म्हातारीही आई कुठेतरी आहे अशा आशेने घरी गेली असती. पण मूर्तीच्या कानामागे त्याला तांबडी रेघ दिसली होती. त्याने नखाने ती उकरली.

“पूर्णका, हे काय?”

पूर्णक अडखळला, मग ताठ झाला. “चिखल होता, खरवडून नदीत टाकला. मी नसतो तर हे रूप कुणाला दिसलं असतं?”

बोधिसत्त्वाने निकाल दिला, “पूर्णकाने ही मूर्ती चोरली आहे. ती वस्तीची आहे.”

सोणाला कळायला वेळ लागला. “म्हणजे आमची आई ती हीच?”

“हीच.”

“मग माझ्या लेकाचं बोट? तो वारला हो. त्याचं तेवढंच राहिलं होतं.”

बोधिसत्त्वाने मूर्ती तिच्यापुढे ठेवायला सांगितली.

“हिला नेऊन काय करू, महाराज? ही आमच्यातल्या कुणालाच ओळखत नाही,” असे म्हणून सोणा निघून गेली. तिच्यामागे वस्तीही गेली. धन्याने सोडलेली वस्तू राजाची, असा त्या देशाचा कायदा होता. संध्याकाळी यक्षी महालात उभी होती आणि पूर्णकाला शिक्षेऐवजी शाबासकी मिळाली. आपल्या खऱ्या निकालाने कोणालाच काही परत मिळाले नाही, उलट एका म्हातारीची आशाही गेली, हे बोधिसत्त्वाने पाहिले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा पूर्णक म्हणजे देवदत्त, राजा भद्रसेन म्हणजे आनंद, सोणा म्हणजे महाप्रजापती गौतमी आणि तो न्यायाधीश म्हणजे मीच. ही सत्यपारमिता, म्हणजे सत्य शेवटपर्यंत पाळणे. ती पाळणाऱ्याला सुख मिळतेच असे नाही.”

एका तरुण भिक्षूने विचारले, “भन्ते, मग त्या न्यायाधीशाने काय केले?”

शास्ता म्हणाले, “दुसऱ्या दिवशी सकाळी तो राजमुद्रा परत करून वस्तीत गेला. सोणाने दार उघडले नाही. शेजारच्या घरी रात्री मूल जन्मले होते. शेंदूर कालवून ठेवला होता आणि बाप मुलाला घेऊन रिकाम्या चौथऱ्यापाशी उभा होता. न्यायाधीशही त्या बापाजवळ जाऊन उभा राहिला.”