धुऊन काढलेलं चित्र

डोंगराच्या पायथ्याशी एका जंगलात एक कावळा राहत असे आणि त्याला एक खोड होती : जे दिसेल ते तो चित्रात काढून मोकळा व्हायचा. तळ्याकाठी एक पांढरा खडक होता. चोचीत कोळसा धरून कावळा रोज त्यावर एक व्यंगचित्र काढी आणि पाणी प्यायला आलेले प्राणी ते बघून पोट धरून हसत. त्या उन्हाळ्यात मात्र कुणी हसलं नाही. सिंहाने तळ्यात येणारा वरचा झरा अडवून पाणी आपल्या गुहेकडे वळवलं होतं. कावळ्याने पाण्यात डुंबणारा सिंह काढला आणि खाली तडफडणारे मासे. जंगलात तेवढं एकच तळं होतं. "उद्या सगळे मिळून सिंहाकडे जाऊ आणि झरा मोकळा करायला सांगू," प्राण्यांनी ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडच्या जंगलाशी फुटबॉलचा अंतिम सामना होता. तो या जंगलाने आजवर कधीच जिंकला नव्हता, मुलांनो, आणि या वेळी जिंकला! अगदी शेवटच्या क्षणी सशाने गोल मारला. हत्ती रडला, माकडं नाचता नाचता झाडांवरून पडली, कावळासुद्धा घसा बसेपर्यंत ओरडला. सिंहाने सशाला खांद्यावर घेऊन गर्जना केली, "हा विजय माझ्या जंगलाचा!" झऱ्याचा विषय कुणी काढलाच नाही.

सकाळी खडकावर नवं चित्र होतं. सिंहाच्या खांद्यावर ससा, भोवती नाचणारी गर्दी आणि सगळ्यांच्या पायाखाली भेगा पडलेलं तळं. सशाला ते फार लागलं.

"तुला माझा गोल बघवत नाही का रे?" तो म्हणाला.

"बघितला की! तुझ्यासाठी ओरडलोही," कावळा बसक्या आवाजात म्हणाला. "पण गड्या, पाणी संपत आलंय."

"जंगलद्रोही!" कोल्हा किंचाळला. "पुसा ते चित्र!"

आणि त्या शहाण्यांनी ते पुसायला तळ्यातलंच पाणी घेतलं! हत्तीने सोंड भरभरून ओतलं, बाकीच्यांनी तोंडातून आणलं. कोळसा चिवट होता. खडक लख्ख झाला तेव्हा तळ्यात नुसता चिखल उरला होता. मग माकडांनी दगड मारून कावळ्याला हाकलून दिलं. सिंह तिकडे फिरकलाही नव्हता. त्याला यावंच लागलं नाही.

थोड्याच दिवसांत चिखलही वाळला. ससा आपल्या लेकीला घेऊन सिंहाच्या दारी गेला.

"महाराज, पोरीला घोटभर पाणी द्या."

"जिंकलेल्या जंगलात कसली रडारड?" सिंह पाण्यातूनच म्हणाला.

परत येताना लेक खडकाच्या सावलीत बसली, ती उठेचना. "बाबा, इथे म्हणे एक चित्र होतं. कशाचं होतं?" तिने विचारलं.

ससा त्या पांढऱ्या खडकाकडे बघत राहिला. "आपलं," तो म्हणाला.

तात्पर्य : विजयाचा आनंद जरूर मानावा; पण त्या भरात नकोसं चित्र पुसून टाकलं म्हणून ते खोटं ठरत नाही, आपणच त्यात जाऊन बसतो.